बोटभर पश्चिमेला

नोटीस चिकटवणारा माणूस गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तारबाईनं ती दोनदा वाचली.

"अहो, बाहेर या. आपलं घर रस्त्यात गेलंय."

नवरा हात पुसत दारात आला आणि चष्मा न लावताच कागदाकडे बघत उभा राहिला.

"महिना दिलाय," तो म्हणाला.

"न वाचताच कसं कळलं?"

"महिनाच देतात."

एकतीस वर्षं त्यानं नगररचना कार्यालयात नकाशे काढले होते. गल्लीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. भाजी चिरली तरी तुकडे मापात, अशी त्याची थट्टा व्हायची.

संसदेपासून नदीपर्यंत जाणारा राजधानीचा हा नवा रस्ता सगळ्यांच्या तोंडी होता. त्याच्या वाटेत आधी आलं होतं ते जुनं तारघर. दगडी, उंच छताचं, दीडशे वर्षांचं. तारबाईनं उभी नोकरी तिथे काढली होती. शहरात कोणाला मूल झालं, कोणाचा बाप गेला, हे घरच्यांच्या आधी तिला कळायचं. वाईट बातमीची तार ती एक घडी जास्त घालून द्यायची. उघडायला माणसाला तेवढाच क्षणभर वेळ लागावा, म्हणून. तारा बंद झाल्या, खिडक्यांना फळ्या लागल्या, तरी बाजारातून येताना ती मुद्दाम तिथून वळसा घालायची. पायरीवर पिशवी टेकवायची, भिंतीला पाठ लावायची आणि मग घरी यायची.

तारघर पाडणार असं कळलं, तेव्हा तिनं कंबर कसली. जुन्या सोबतिणींना गोळा केलं, अर्ज लिहिले, सह्यांसाठी उंबरे झिजवले. नवरा अजून नोकरीतच होता, पण त्याला तिनं शब्दानं विचारलं नाही. "उद्या कोणी म्हणायला नको, नवऱ्याच्या वशिल्यानं झालं." अर्जही त्याला दाखवले नाहीत.

आठ महिन्यांनी तारघर वाचलं. रस्ता थोडा सरकणार होता. तारबाईनं गल्लीभर साखर वाटली. नवऱ्यानं चिमूटभर तोंडात टाकली आणि छान झालं म्हणाला. पुढच्याच महिन्यात तो निवृत्त झाला.

आणि आता ही नोटीस. ओळीतल्या अकराही घरांना.

नोटिशीसोबत नकाशा होता. तारबाईनं तो जेवणाच्या टेबलावर पसरला. कोपऱ्यात 'आरेखन' या शब्दापुढे दोन अक्षरं होती. त्या अक्षरांचं वळण तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

"ही रेघ तुमची?"

"हो."

"मी साखर वाटत होते तेव्हा माहीत होतं?"

"होतं. नकाशावर तारघरापाशी बोटभर सरकली, की इथे येईपर्यंत जमिनीवर चाळीस हात सरकते."

"मग का ओढलीत?"

"तुझं तारघर वाचावं म्हणून."

"मी मागितलं होतं तुमच्याकडे?"

"नाही."

"अकरा घरं, अहो! या घराची वीट न् वीट आपण उन्हात उभं राहून लावून घेतली. निदान एका शब्दानं विचारायचंत तरी मला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओळीतल्या दहाही दारांत गेला. "रेघ माझी आहे," एवढंच सांगून पुढच्या दाराकडे वळला. शेजारचे गुरुजी तीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्या संध्याकाळी ते आले नाहीत. नंतरही आले नाहीत. फूटपट्टी एकटाच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळत बसे.

तारबाई त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. सामान बांधायला लागली, तसं घर जास्तच आठवू लागलं. जिन्याची सातवी पायरी गवंड्याच्या चुकीनं अर्धा इंच उंच झाली होती. पाहुणे हमखास अडखळायचे, घरचे कधीच नाही. स्वयंपाकघराची खिडकी नवऱ्यानं हट्टानं डावीकडे घेतली होती. तारबाई डावखुरी, चिरताना हातावर उजेड पडावा म्हणून. एवढा विचार करणाऱ्या माणसानं हे का करावं, याचं उत्तर तिला सापडत नव्हतं.

गुरुजींची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्यांना पंधरा दिवस वाढवून मिळावेत, म्हणून तारबाई नगररचना कार्यालयात गेली. खिडकीपाशी एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. पत्ता ऐकताच त्या उठल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

"काकू, तुम्ही सरांच्या घरून ना? रेघ ओढायला सरांनीच शिकवलं मला. बरे आहेत ना?"

"बरे आहेत. आपल्याच घरावरून रेघ ओढून बसलेत."

अधिकारी बाई गोंधळल्या. "त्यांनी? काकू, सरांनी तीन वेळा सरळ, तारघरावरूनच ओढून पाठवली होती. वरून तीनही वेळा परत आली. चौथ्यांदा लेखी हुकूमच आला. त्या दिवशी सर जेवले नाहीत."

तारबाई पुढे वाकली. "मग सरकवायचं सुचवलं कोणी?"

"ते फाइलला असेल. आलेल्या अर्जांत."

त्यांनी कपाटातून जाड फाइल काढली, पानं उलटली आणि एका अर्जावर थांबल्या. खालची सही वाचून त्यांनी फाइल मिटायला घेतली. तारबाईनं मध्ये हात घातला.

एका वाक्याखाली वरिष्ठांनी लाल शाईनं रेघ मारली होती : 'रस्ता बोटभर पश्चिमेला सरकवावा, त्या बाजूला जपण्यासारखं काहीही नाही.'

अक्षर तारबाईचं होतं.