मामाची मांडी

विमान समुद्रावर आलं तोवर सिद्धूनं लाथा मारून पुढच्या सीटवरच्या साहेबाला दोनदा मागं वळायला लावलं होतं. तिसऱ्यांदा साहेब वळला तेव्हा स्वरूपानं नुसतेच हात जोडले.

सिद्धूला बसायचं नव्हतं. पट्टा नको, राजगिऱ्याचा लाडू नको, पडद्यावरची चित्रं नकोत. त्याला फक्त चालायचं होतं. मग ती त्याचं बोट धरून विमानाच्या चिंचोळ्या वाटेनं शेपटापर्यंत जायची आणि परत यायची. घाण्याच्या बैलालाही एवढ्या फेऱ्या पडत नसतील.

शेजारी मुक्ताबाई होत्या, बारामतीजवळच्या पिंपळीच्या. टोरांटोत लेकीचं बाळंतपण उरकून त्या परत निघाल्या होत्या.

"पोरीचं केस लई दाट हायती गं," त्या म्हणाल्या.

"मुलगा आहे, मावशी. जावळ राहिलंय."

"आगं बया. आन् वय?"

"तिसरं सरत आलंय."

"मग उरक बाई. तिसरं सरलं की पाचवं लागंपतोर थांबावं लागतंय."

"म्हणून तर निघालोय. कळसला त्याचा मामा आहे. त्याच्याच मांडीवर काढायचं."

"म्हंजी म्हायेरी निघालीस." मुक्ताबाईंचा चेहरा उजळला. "पोरगं बी तुज्याच तोंडावळ्याचं हाय. आन् मालक कुठं?"

सिद्धूनं तेवढ्यात दुधाचा पेला कलंडवला. स्वरूपा पुसायला वाकली. "त्यांना रजा मिळाली नाही," ती खालूनच म्हणाली.

रजा मिळाली असती. राजवर्धननं ती मागितलीच नव्हती. "कळसच्या उंबऱ्यात मी कोणत्या तोंडानं उभा राहू?" तो म्हणाला होता. "इथंच एखाद्या न्हाव्याकडं नेऊ. केस ते केस."

"मामा धडधाकट असताना?" स्वरूपा हटली नव्हती. "ते त्याचं हक्काचं आहे. ते त्याला मिळालंच पाहिजे."

"आणि त्यांनी पोरगं ठेवून घेतलं तर?"

हा प्रश्न तिच्याबरोबर विमानात चढला होता आणि सिद्धूपेक्षा जास्त लाथा मारत होता. सिद्धूची आजी, कुशाबाई, फोनवर मोजकं बोलायच्या, पण फिरून फिरून एकच. "पोरगं आमच्याकडं ठिवा. तिकडं पाळणाघरात टाकताय. तिकडं त्याचं कोण हाय?" राजवर्धन आणि स्वरूपाच्या लग्नाला कळसचं चिटपाखरूही आलं नव्हतं. लग्नानंतर तिनंही तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. बोलावणं आलं ते हे पहिलंच, आणि तेही जावळाचं; त्यात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मध्ये विमान बदललं. दुसऱ्या विमानात सिद्धूचे कान दुखायला लागले. तो असा रडला की लोकांनी घड्याळं बघायला सुरुवात केली. स्वरूपा त्याला छातीशी धरून मागच्या दाराशी उभी राहिली, डोलत, पुटपुटत. बऱ्याच वेळानं तो हुंदके देत म्हणाला, "आई, घली."

पोराला मामा मिळवून देता देता आपणच पोराला मुकलो तर काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. उठून विमान मागं फिरवता आलं असतं तर तिनं ते फिरवलं असतं.

मुंबईला विजयसिंह गाडी घेऊन आला होता. त्यानं मामाच्या नजरेनं आधी पोराला पाहून घेतलं, बराच वेळ. मग बॅगा उचलल्या.

"चला," तो म्हणाला.

पुणं गेलं, भिगवण गेलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत राहिली.

"गाडी लागती का ह्याला?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही."

"बरं."

कळसला दारातच कुशाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घातलं, पोराच्या आणि स्वरूपाच्याही. तिच्याकडं मात्र पाहिलं नाही. ओसरीत नवा झोपाळा टांगलेला होता. तीनचाकी सायकल होती, कोनाड्यात छोटी ताटली-वाटी होती. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी एवढं कुणी मांडत नाही. स्वरूपाच्या मनात पाल चुकचुकली.

सकाळी न्हावी आला. विजयसिंह पाटावर बसला, सिद्धूला त्यानं मांडीवर घेतलं. कातरीचा पहिला आवाज झाला आणि सिद्धूनं घर डोक्यावर घेतलं.

"ये माज्या राजा, हिकडं ये," कुशाबाईंनी हात पसरले.

सिद्धू मामाच्या हातातून निसटला. एक बाजू भुंडी, एक बाजू झुलपांची, असा तो आजीच्या पसरलेल्या हातांखालून पळाला आणि स्वरूपाच्या पायांना येऊन चिकटला. "आई, आई, आई."

न्हाव्याची कातर हवेत तशीच राहिली. कुशाबाईंचे हातही.

स्वरूपानं त्याला उचललं, विजयसिंहाच्या मांडीवर परत बसवलं आणि समोर मांडी घालून त्याचे दोन्ही हात धरले. विमानात पुटपुटत होती तेच पुटपुटायला लागली. डोकं पुरतं भुंडं होईपर्यंत सिद्धू तिच्या तोंडाकडं बघत बसला.

मग तिनं त्याला कडेवर घेतलं. आता तिला राहवेना.

"मी त्याला परत नेणार आहे," ती कुशाबाईंना म्हणाली. "दर वर्षी आणीन. म्हणाल तितके दिवस राहू. पण नेणार."

कुशाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि सिद्धूला कडेवर घेतलेल्या तिला तसंच आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर एका तरुण बाईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. कुशाबाईंनी पदरानं काच पुसली.

"उत्कर्षा, पोरी," त्या फोटोला म्हणाल्या, "तुजं लेकरू आलंय बघ. त्याची आई घिऊन आलीय त्याला."