अधिक दहा

एकसष्टच्या शिरगणतीत म्हसावदजवळचं एक गाव माझ्याकडे आलं. मी शाळामास्तर. उन्हात घरोघर हिंडायचा मला आळस, म्हणून शाळेतच बसलो आणि दहा वर्षांपूर्वीच्या यादीवरून नवी यादी उतरवून काढली. घरं तीच, माणसं तीच, फक्त प्रत्येकाच्या वयात दहा मिळवले. दीड दिवसात गाव संपलं, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

फेरतपासणीला मात्र दारोदार जाऊन वाचून दाखवावं लागलं. पहिलंच घर अनुसयाबाईंचं. त्या ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"लोटन, वय पंचेचाळीस. अनुसया, वय अडतीस. सुपडी, मुलगी, वय तेरा."

सूप थांबलं.

"ती ते गोवरमा गई, मास्तर. तीन वरीसनी व्हती."

मी वर न बघता नाव खोडायला टाक उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "परत एकदाव वाचा."

मी वाचलं, "सुपडी, मुलगी, वय तेरा."

"तेरा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि आपल्या खांद्याजवळ आडवा हात धरून त्यांनी उंची मापून पाहिली.

तोवर शेजारच्या चार बाया ओट्याखाली येऊन बसल्या होत्या. त्यांनाही आपलं गेलेलं पोर आता केवढं झालं, ते ऐकायचं होतं.