सातवा मजला, दार उघडं

चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट कंपनीच्या मदतकक्षात घंटा वाजली. मामांनी चहाचा कप बाजूला ठेवला, हेडफोन कानाला लावला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "घाबरू नका, मी आहे इथे. आत किती जण आहात?"

"एकटीच," बाई म्हणाल्या. "लिफ्टमध्ये अडकलेय हो."

मामांच्या समोरच्या पडद्यावर शहरभरातल्या साडेतीनशे लिफ्ट हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसत. बाईंच्या ठिपक्यापुढे स्वच्छ लिहिलेलं होतं: सातवा मजला, दार उघडं. गेला महिनाभर तेच लिहिलेलं असायचं.

"श्वास घ्यायला काही त्रास?"

"श्वासाला नाही. गुडघ्यांना आहे, पण गुडघे तुमच्या प्रश्नांच्या यादीत नसतील."

"नाहीत. बघितलं मी."

बाई हसल्या. मग नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. बाईंच्या मुलाने नवा फोन पाठवला होता, विचाराल त्याचं उत्तर देणारा. "मी त्याला विचारलं, जेवलास का? तर म्हणतो, मी यंत्र आहे."

"निदान खरं बोलला."

"हो, पण मला विचारलं नाही ना त्याने."

मामांनी विचारलं. बाई जेवल्या होत्या, उशिरा आणि थोडंसंच. एकदा मामा म्हणाले होते, घंटा कशाला, सरळ फोन करावा कोणाला तरी. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "फोन करायचा तर काहीतरी काम लागतं हो. इथे नुसतं बटण दाबलं की झालं."

सहा-सात मिनिटांनी बाईच म्हणाल्या, "बरं, उघडलं बघा दार." आणि लाइन बंद झाली.

पडद्यावर दोन चौकटी आल्या: तक्रार खरी, तक्रार खोटी. 'खोटी'वर बोट ठेवलं की त्या मजल्याचा उल्लेख करून इमारतीत खाली सूचना लागते, असा कंपनीचा नियम. सातव्या मजल्यावर राहतं घर एकच होतं. चारचौघांत बाईंची शोभा व्हायला नको म्हणून मामांनी रोजच्यासारखी 'खरी' दाबली. लिफ्ट आपली आपण चालायला लागण्याआधी वीस वर्षं ते लिफ्टमधल्या स्टुलावर बसलेले होते. येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, हेही त्या कामातच धरलेलं असायचं. आता इथली पोरं त्यांना मामा म्हणत. घरी काही म्हणायला कोणी नव्हतं, त्यामुळे चार वाजत आले की मामांचंही लक्ष त्या ठिपक्याकडे लागे.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. ठिपका करडा पडलेला होता. मामा उठून साहेबांकडे गेले. साहेब वयाने मुलगा शोभतील असे, पण माणूस वाईट नव्हता.

"ती लिफ्ट बंद केलीय, मामा. महिन्यात एकोणीस वेळा अडकली. मोटर बदलायची, तीन आठवडे तरी जातील."

"मेकॅनिकला काही सापडलं?"

"काहीच नाही. म्हणूनच तर बदलायची. न सापडणारा बिघाड जास्त धोक्याचा."

"पण ठरवलं कोणी?"

"ठरवायचं कशाला? नोंदींवरून सिस्टिम आपोआप बंद करते."

"नोंदी माझ्या आहेत, साहेब."

"अहो, मग प्रश्नच मिटला. सगळ्यांत चोख नोंदी तुमच्याच असतात."

"खोट्या आहेत त्या. एकोणीसच्या एकोणीस."

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोटरची ऑर्डर गेलीय, मामा. आता काही होत नाही. आणि हे पुन्हा कुठे बोलू नका. तुमच्याच अंगाशी येईल."

पाच वाजता पाळी संपली तसे मामा निघाले. पत्ता पाठ होता, एकोणीस वेळा नोंदीत तो त्यांनीच टाइप केलेला. इमारत साधी होती. लिफ्टच्या दारावर पिवळी पट्टी आणि तिच्यावर कागद: प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. मामांनी जिन्याकडे पाहिलं. उभी हयात माणसांना वर नेण्यात गेली, पण सात मजले पायी चढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला. पाचव्यावर पायरीवर बसून घेतलं. या जिन्यावरून बाई तीन आठवडे खाली येऊ शकणार नाहीत, आणि ते आपण केलं, आपल्या या बोटाने केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

सातव्या मजल्यावर ते धापा टाकतच पोचले. दार बंद होतं. बेल दाबल्यावर आत खुर्ची सरकली. काठी टेकल्याचा आवाज हळूहळू जवळ येत गेला.

"कोण आहे?"

नाव सांगून उपयोग नव्हता, बाईंनी ते कधी विचारलंच नव्हतं. मामांनी घसा खाकरला आणि जे येत होतं तेच म्हटलं.

"घाबरू नका, मी आहे इथे. आत किती जण आहात?"

काठीचा आवाज थांबला.

"एकटीच," बाई म्हणाल्या. "आज खरंच अडकलेय हो."