परग्रहावरून फोन

"इतक्या लांबून यायचं, एवढं इंधन जाळायचं, आणि उचलायचं काय, तर मास्तरांची बायको," चष्मेवाले म्हणाले. "कथानक इथेच लंगडं पडतं."

टेलरमास्तर अजून जिना उतरत होते, म्हणून रेडिओवाल्याने हसू दाबून धरलं. पावलं रस्त्याला लागल्यावर मात्र तो पोट धरून हसला.

गणिताच्या बाई हसल्या नाहीत. "दुकान तुमचं, खुर्च्या तुमच्या, म्हणून काहीही बोलाल का?" त्या म्हणाल्या.

दर गुरुवारी चष्म्याचं दुकान बंद असे, आणि डोळे तपासायच्या खोलीत हे चौघं जमत. भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, टेबलावर चहाचे पेले आणि विज्ञानकथांच्या पुस्तकांची चळत. परग्रहावरच्या माणसांना झोप लागत असेल का, त्यांना विनोद कळत असतील का, यावर तासन्‌तास वाद चाले. कोणी काय वाचावं हे दुसऱ्याने ठरवायचं, असा नियम होता.

मास्तर दोन वर्षांपूर्वी आले. त्यांची बायको नुकतीच नाहीशी झाली होती. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दोघं फिरायला गेले असताना आभाळातून प्रकाश उतरला आणि ती त्यात विरघळून गेली, असं ते सांगत. पोलिसांनी मैदान पालथं घातलं. हाती काही लागलं नाही, तेव्हा बिचाऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला. मास्तरांनी सोडला नाही. अपहरणाच्या जेवढ्या कथा मिळतील तेवढ्या ते मागून नेत. त्यांच्या हकिकतीत दर महिन्याला नवी भर पडे. कधी गुणगुण ऐकू आलेली असे, कधी गवत करपलेलं असे.

बाईंना त्यांची दया येई. बाईंचा स्वतःचा धाकटा भाऊ घर सोडून गेला होता, त्यानंतर त्याची खबर नव्हती. फोन वाजला की काळजात कसं धस्स होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मास्तरांना मुद्दाम एक कथा दिली होती. तिच्यात नेलेली बाई शेवटी दारात येऊन उभी राहते.

"चांगली आहे," पुस्तक परत करताना मास्तर म्हणाले होते. "पण शेवट पटला नाही, बाई. गेलेलं माणूस असं येत नाही. लेखकाने वाचकाला खूश केलंय."

"मग येऊ द्या की मास्तरांच्या बायकोला एकदा," चष्मेवाले आता म्हणाले आणि रेडिओवाल्याकडे वळले. "आवाज बदलायचं ते यंत्र चालू आहे ना तुझं?"

मजकूर चष्मेवाल्यांनीच रचला. तुझी बायको कुठे आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. रविवारी सूर्य मावळताना तिला बाहेर काढणार आहोत.

"बाहेर म्हणजे यानातून," ते म्हणाले. "मास्तर मैदानावर हार घेऊन उभे राहतात की नाही बघा."

"मी यात नाही," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

फोन त्याच संध्याकाळी झाला. रेडिओवाल्याने नंतर बाईंना फोन करून नक्कल करून दाखवली. मास्तरांनी म्हणे एवढंच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"किती भाबडा माणूस," रेडिओवाला म्हणाला.

रविवारी बाईंना घरात बसवेना. समोर वह्यांचा गठ्ठा होता, पण तीच वही त्या पुन्हा पुन्हा तपासत होत्या. तो माणूस मान वर करून आभाळाकडे बघत उभा राहणार आणि झुडपामागून हे दोघं खिदळणार. उन्हं कलू लागली तशा त्यांनी चपला सरकवल्या आणि मास्तरांचं दुकान गाठलं.

शटर अर्धं खाली होतं. हाका मारल्यावर बऱ्याच वेळाने मास्तर वाकून बाहेर आले. बाह्या दुमडलेल्या, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"वेळेत पोचले म्हणायची," बाई म्हणाल्या. "मैदानावर जाऊ नका. आत येऊ का? रस्त्यात नाही बोलता यायचं."

मास्तरांनी जरा विचार केला. मग ते बाजूला झाले आणि बाई आत शिरल्यावर त्यांनी शटर पूर्ण खाली ओढलं. आत अंधार होता.

"तो फोन आमचा होता," बाई म्हणाल्या. "आवाज रेडिओवाल्याचा. मी त्यांना अडवायला हवं होतं. खरंच माफ करा."

"मग तुम्हाला कसं कळलं, ती कुठे आहे ते?"

"आम्हाला कुठून कळणार? चेष्टा होती ती. ते दोघं आत्ता मैदानावर तुमची वाट बघत बसलेत."

मास्तर खाली स्टुलावर बसले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि मोठा श्वास सोडला.

"म्हणजे कोणालाच काही माहीत नाही."

"नाही हो."

"आणि तुम्ही इकडे आलात, ते?"

"तेही नाही. घरी वह्या तपासत बसलेय असं वाटत असेल त्यांना."

"चांगलं मन आहे तुमचं," मास्तर म्हणाले.

त्यांनी उठून दिवा लावला. कापड बेतायचं मोठं टेबल भिंतीला सरकवलेलं होतं. त्याच्या जागी फरशी उखडून रचून ठेवली होती आणि मातीच्या ढिगात फावडं रोवलेलं होतं. खड्ड्यात कुजलेल्या चादरीतून लांब केस बाहेर आले होते. मास्तरांनी बाईंकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"उंचीला तुम्ही जास्त आहात," ते म्हणाले. "थोडं वाढवावं लागेल."