तीन शब्द जास्त

ऑनलाइन लेखनसमूहाच्या शतशब्दकथा स्पर्धेत संयोजक ताई एका शब्दाचीही सूट देत नसत. एका नव्या सभासद बाईची कथा आली. नवरा कामावर निघताना बायकोला खोलीत कोंडून बाहेरून कडी घालतो, एवढीच गोष्ट; पण वाचताना ताईंच्या अंगावर काटा आला. फक्त तीन शब्द जास्त होते. त्यांनी लगेच कळवलं, “शेवटचं ‘हे खरं आहे’ काढून टाका. उगाच ठिगळ लावल्यासारखं वाटतंय.” “बरं ताई, काढते,” तिचं उत्तर आलं. कथा पहिली आली. “काय कल्पनाशक्ती आहे!” म्हणत सभासदांनी तोंडभरून कौतुक केलं. बाई मात्र समूहावर फिरकलीच नाही, तेव्हा ताईंनी फोन लावला. तो तिच्या भावानं उचलला. “गेली हो ती. घराला आग लागली, आणि खोलीला बाहेरून कडी...” त्याला हुंदका आवरेना. “तिनं कुणालाच कसं सांगितलं नाही?”