पडद्यावरची गोळी

"तुमच्या ह्या मशीननं माझ्या बायकोचं रक्त पाणी करून ठेवलंय, डॉक्टर. आणि वर चोर आमालाच ठरवताय?"

कुरुंदवाडच्या दादासोंचा आवाज केबिनबाहेरच्या रांगेपर्यंत गेला. रांगेनं माना लांब केल्या.

शेजारी रत्नाबाई पदरानं तोंड दाबून बसल्या होत्या. पदरावर हिरड्यांतलं रक्त. दोन्ही हातांवर काळेनिळे डाग, कुणी बडवून काढल्यासारखे. माघात त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. कमी पडली तर झडपेत गुठळी, जास्त झाली तर हे असं. किती घ्यायची ते दवाखान्याचा कॉम्प्युटर सांगायचा. वय, वजन, रक्ताची तपासणी भरली की ज्याची त्याची गोळी पडद्यावर हजर.

"काका, प्रोग्राम चुकत नाही," डॉक्टर म्हणाला. "काकूंनी गोळी दोनदा घेतली असणार. या वयात होतं."

दादासोंनी पिशवीतून कॅलेंडर काढलं. स्वयंपाकघरातलं, खिळ्यासकट उपटून आणलेलं.

"गोळी मी देतो. दिली की खूण करतो. एका तारखेला दोन खुणा दिसल्या तर जोड्यानं हाणा मला. आता रक्त किती पातळ त्याचा आकडा बघा. आषाढापतोर अडीच, तीन. चतुर्दशीला चातुर्मास बसला न् गेला की वर! मागल्या महिन्यात चार. तुमी म्हणालासा, तीच गोळी चालू ठेवा. आज सात. चातुर्मास हाय आमा जैनांचा. हिनं पालेभाजी सोडलीया. एरवी परड्यातली मेथी असल्याबिगर हिची भाकरी उतरत न्हाय."

डॉक्टर पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून रत्नाबाईंकडे बघू लागला.

"पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो. तिच्यात बदल करू नका, असं कागदावर दिलं होतं."

"कागद इंग्रजीत. वाचणारा पोरगा सम्मेद, तो पुण्यात."

"पण इथं आहार व्हेज लिहिलाय."

"तुमच्या नर्सनं इचारलं, व्हेज का नॉनव्हेज? ही म्हणाली व्हेज. खोटं बोलली व्हय?"

"अवं, हळू," रत्नाबाई पदराआडून म्हणाल्या. "रक्त माझं पातळ झालंय, आणि शीर तुमची फुटंल."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. दादासो हसले नाहीत.

डॉक्टरनं आजचा आकडा भरला, बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा जुनीच गोळी आली. त्यानं मुकाट्यानं कागद ओढला आणि हातानं लिहिलं: आज इथंच दाखल. गोळी बंद. रक्त आवरलं की अर्धी.

"अर्धी," दादासो म्हणाले. "आणि चातुर्मास सुटला की ही मेथीवर तुटून पडणार. तवा अर्ध्या गोळीवर झडप अडकली, तर परत हिलाच विसरभोळी म्हणणार?"

डॉक्टर पुन्हा कीबोर्डकडे वळला.

दादासोंनी कॅलेंडर उचललं आणि धाडकन कीबोर्डवर ठेवलं.

"ह्यातला चातुर्मास ह्यात कुठं भरायचा? बोट ठेवून दावा."