घरातले बूट

आमची लेक घरातही बूट घालून बसते, नाड्या घट्ट बांधून. सासूबाई कुरकुरतात, मी मात्र तिला घालू देते; ह्यांचं डोकं फिरलं की आम्हाला शेजारी पळावं लागतं. डॉक्टर म्हणाले, “हा नुसता स्वभाव नाही, आजार आहे. रक्ततपासणीत शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, वाढल्याचंही दिसतंय. गोळ्यांनी राग जाणार नाही, पण थांबायला क्षणभर वेळ मिळेल.” महिना शांत गेला, तरी मी उभ्यानेच जेवते. आज ह्यांनी गिऱ्हाइकाचा पांढरा कोट शिवून ठेवला आणि लेकीचं कोपर लागून त्यावर चहा सांडला. ह्यांच्या हातात कात्री होती. मानेची शीर फुगली. मी दाराची कडी काढली. कडी वाजताच हे थबकले. कात्री सावकाश खाली ठेवली, कोट बादलीत बुडवला. “निघेल डाग,” म्हणाले. लेकीने वाकून एक बूट काढला आणि दुसऱ्याची नाडी आणखी घट्ट आवळली.